दहा सेकंदांची नमो मारिया

'वैज्ञानिकांनी सिद्ध केले! रोज रोझरी म्हणा, हार्ट अटॅक टाळा.' खाली जोडलेले हात, गुलाबाची फुले आणि 'दहा जणांना पाठवा' ही तंबी. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, त्यामुळे आमच्या ख्रिस्ती मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा निरोप एकाच आठवड्यात चार वेळा आला. मी नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, राहते ठाण्यात, तलावपाळीपासून चालत सात मिनिटांवर, आणि रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सहसा चुकवत नाही. तेव्हा हा निरोप खोडायची जबाबदारी दोन्हीकडून माझ्याच गळ्यात पडली.

पण तो पूर्ण खोडता येत नाही, तीच तर गंमत आहे. त्या निरोपाच्या पोटात एक खराखुरा शोधनिबंध आहे. इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठातले लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांचे सहकारी यांनी तो 2001 सालच्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. त्यात हार्ट अटॅक टळल्याचा शब्दही नाही. त्यात जे आहे ते मात्र मला त्या गुलाबाच्या फुलांपेक्षा कितीतरी सुंदर वाटते.

ज्यांनी रोझरी पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे. ही 59 मण्यांची जपमाळ. त्यातल्या 53 मण्यांवर 'नमो मारिया' ही येशूच्या आईला केलेली छोटी प्रार्थना आणि 6 मण्यांवर 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणतात. घरात चार जण असले की एक जण नमो मारियाचा पूर्वार्ध म्हणतो आणि बाकीचे उत्तरार्धाने उत्तर देतात. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बेर्नार्दींनी 23 निरोगी माणसे घेतली. त्यांचा श्वास, हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह एकाच वेळी नोंदवला. मग त्यांना कधी नुसते शांत बसायला सांगितले, कधी गप्पा मारायला, कधी लॅटिनमधली नमो मारिया म्हणायला आणि कधी 'ओम मणि पद्मे हुम' हा बौद्ध मंत्र म्हणायला. आपण एरवी मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. प्रार्थनेत आणि मंत्रात तो आकडा सहाच्या आसपास आला. श्वास हळू घ्या असे कुणी सांगितले नव्हते. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध मिळून दहा सेकंद लागतात. आपला अर्धा भाग एका श्वासात म्हणायचा आणि समोरचा म्हणत असताना श्वास घ्यायचा, एवढ्यानेच सहाचा आकडा आपोआप जमतो.

आता कुणी म्हणेल, श्वास मंदावला यात एवढे काय? इथे मला माझ्या लाडक्या विषयाकडे वळू द्या. बॅरोरिफ्लेक्स, म्हणजे रक्तदाब आपोआप सावरणारी शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया. वर्गात मुली म्हणतात, मॅडम बॅरोरिफ्लेक्सवर आल्या की तास संपत नाही.

गळ्याला दोन्ही बाजूंना, जबड्याच्या जरा खाली, बोटांना ठोका लागतो. तिथली कॅरोटिड धमनी जिथे दुभंगते तिथे तिच्या भिंतीत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोके असतात. तशीच टोके हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत असतात. रक्तदाब वाढला की भिंत ताणली जाते, टोकांमधून संदेश सुटतात आणि नवव्या व दहाव्या कपालचेतांमधून, म्हणजे थेट मेंदूला जोडलेल्या चेतांमधून, लंबमज्जेत पोहोचतात. लंबमज्जा म्हणजे मेंदूचा सगळ्यात खालचा, मज्जारज्जूला जोडलेला भाग. तिथून दोन हुकूम निघतात. एक परानुकंपी, म्हणजे शरीराला शांत करणाऱ्या चेतासंस्थेचा: दहाव्या, म्हणजे व्हेगस चेतेमार्फत हृदयाला 'हळू'. हा हुकूम इतका चपळ की पुढच्याच ठोक्याला दिसतो. दुसरा अनुकंपी, म्हणजे शरीराला सज्ज करणाऱ्या चेतासंस्थेकडे जातो: रक्तवाहिन्या आवळून धरल्या आहेत, त्या सैल सोड. हा मात्र सरकारी फायलीसारखा चालतो. रक्तवाहिनीच्या स्नायूपर्यंत परिणाम पोहोचायला काही सेकंद जातात.

या उशिरातच सगळी मजा आहे. गीझर न्हाणीघरापासून लांब असला की काय होते ते आठवा. पाणी गार आले म्हणून नळ फिरवला. काही नाही, अजून फिरवला. आणि मग एकदम कढत पाणी आले. परत उलटा फिरवला, तर गारठा. नळ बरोबर, हातही बरोबर, पण बातमी उशिरा पोहोचते म्हणून पाणी गरम-गार असे हेलकावत राहते. रक्तदाबाचेही तसेच होते. दुरुस्ती उशिरा पोहोचते, जरा जास्त होते, मग उलट दुरुस्ती होते. त्यामुळे प्रत्येक माणसाच्या रक्तदाबात सुमारे दहा सेकंदांची एक बारीक लाट सतत चालू असते. झीगमुंड मेयर यांनी ती 1876 मध्ये सशांमध्ये नोंदवली, म्हणून तिला मेयर लाट म्हणतात.

दुसरी लाट श्वासाची. मनगटावर नाडी धरा आणि सावकाश श्वास आत घ्या: ठोके किंचित भराभर पडतील. सोडा, आणि ते मंदावतील. श्वास आत जाताना व्हेगसचा लगाम सैल होतो, सोडताना पुन्हा आवळतो. कार्ल लुडविग यांनी हे 1847 मध्येच टिपले होते. श्वास एरवी तीन ते पाच सेकंदांचा आणि मेयर लाट दहा सेकंदांची, त्यामुळे दोघी आपापल्या तालात चालतात. पण श्वासच दहा सेकंदांचा झाला तर? वडाच्या पारंबीला बांधलेला झोका आठवा. झोका परत येईल नेमक्या त्या क्षणी धक्का दिला की लहान मुलाच्या हातानेही तो उंच जातो. यालाच अनुनाद म्हणतात. दोन लाटा एकमेकींत मिसळतात, ठोक्यांमधले चढउतार मोठे आणि रेखीव होतात, आणि रक्तदाब सावरणारी ती सगळी साखळी अधिक तरतरीत उत्तर देऊ लागते.

किती तरतरीत? रक्तदाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने वाढला तर दोन ठोक्यांमधले अंतर किती मिलिसेकंदांनी लांबते, हे त्याचे माप. या प्रयोगात ते सरासरी 9.5 वरून 11.5 वर गेले. ज्यांना हा परिच्छेद डोक्यावरून गेला त्यांनी एवढेच धरावे की आकडा मोठा म्हणजे लगाम चांगला. आणि लगामाला महत्त्व आहे. 1998 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या एका अभ्यासात, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 1284 रुग्णांपैकी ज्यांचे हे माप 3 पेक्षा खाली होते त्यांना हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका जास्त दिसला.

व्हॉट्सअ‍ॅपवाल्याने इथेच उडी मारली. लगाम चांगला असेल तर धोका कमी, रोझरीने लगाम सुधारतो, म्हणून रोझरीने झटका टळतो! पण बेर्नार्दींची माणसे 23, तीही निरोगी, आणि बदल प्रार्थना चालू असतानाचा. ती महिनोन्‌महिने रोझरी म्हणत राहिली आणि त्यांचे आयुष्य वाढले, असे कुणी पाहिलेलेच नाही. शिवाय बौद्ध मंत्रालाही तोच परिणाम मिळाला, ही गोष्ट निरोपातून सोयीस्कर गळली होती. ठाण्याहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये भजनी मंडळ असते. एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी धरायचे, हा साचा तिथेही आहे. फोनमधले स्टॉपवॉच लावून कुणी मोजले तर मला जरूर कळवा.

आणखी एक. आमच्यातही 'हे तेल लावा, गोळ्या बंद करा, विश्वास कमी पडतोय तुमचा' असे सांगणारे आहेत. मधुमेही माणसाचे इन्सुलिन थांबवण्यात कसली श्रद्धा आली? कॅथलिक बायबलात सिराखचा ग्रंथ आहे, त्याच्या 38 व्या अध्यायात वैद्याचा मान राखा, त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, असे सरळ म्हटले आहे. तेलवाल्यांच्या बायबलातून बहुधा ते पान फाटले असावे.

दुसऱ्याने आपल्यासाठी केलेल्या प्रार्थनेचे काय? तेही तपासून झाले आहे. 2006 मध्ये अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांमधल्या, बायपास झालेल्या 1802 रुग्णांवरचा निष्कर्ष छापून आला. प्रार्थना होईल की नाही हे ठाऊक नसलेल्यांमध्ये, ज्यांच्यासाठी ती केली गेली त्या गटात 52 टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी केली नाही त्यांच्यात 51 टक्के. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात 59 टक्के! 'माझी एवढी वाईट अवस्था आहे का, की प्रार्थना मागवली?' अशी धास्ती पडली असेल, असा एक तर्क आहे. मला या अभ्यासाची पहिल्यापासूनच चीड येते. देवाला गोळीसारखे मोजायला गेलात तर गोळीसारखेच उत्तर येणार.

मागच्या वर्षी माझे सासरे गेले. नऊ दिवस आयसीयूत होते. सासूबाई बाहेरच्या बाकावर रोझरी घेऊन बसायच्या. घरात ती शांत, लयीत चालते. तिथे त्या एकट्याच दोन्ही अर्धे म्हणत होत्या, ओठातल्या ओठात, भराभर. सवयीने माझे लक्ष घड्याळाकडे गेले. एक नमो मारिया सहा सेकंदांत, कधी पाचात. प्रत्येक दोन-तीन शब्दांनंतर अर्धवट श्वास. शब्द तेच, मणी तेच, आणि तरी ती दहा सेकंदांची लाट तिथे जुळणार नव्हती, कारण थांबायला लावणारे दुसरे कुणी नव्हते. मी बाजूला बसले आणि उत्तर द्यायला लागले. तिसऱ्या-चौथ्या मण्याला त्यांचे खांदे खाली आले.

सासरे वाचले नाहीत. त्यानंतर सासूबाईंनी माळ खणात टाकली. मिस्सेला यायच्या, पण तोंड मिटलेले. एका दुपारी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "त्याने ऐकलं नाही, असं मी म्हणत नाही गं. तो तिथे होता का, तेच कळत नाही."

हे वाक्य मी नोंदवून ठेवले, कारण त्याच्यावरही काम झालेले आहे. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी 55 वर्षांवरच्या 596 आजारी माणसांचा दोन वर्षे मागोवा घेतला. देवाने आपल्याला टाकले की काय, असे ज्यांना वाटत होते त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 28 टक्के जास्त आढळला. आजाराची तीव्रता वगैरे हिशेबात धरूनही. 2001 चाच हा अभ्यास. एकाने दुसरे घडते असे यावरून ठरत नाही, आणि घाबरवण्यासाठी तर हा आकडा अजिबात वापरू नये. पण बारकावा बघा. दु:ख होणे किंवा देवाशी भांडणे वेगळे, आणि 'तो आता तिथे नाहीच' असे वाटणे वेगळे.

मेंदूलाही हा फरक कळत असावा. डेन्मार्कमधल्या उफे श्योट यांनी 20 श्रद्धाळू ख्रिस्ती लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून स्वत:च्या शब्दांत प्रार्थना करायला सांगितली. समोरच्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे ओळखताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, तेच उजळले. तीच माणसे सांताक्लॉजकडे मनातल्या मनात भेटवस्तू मागत होती तेव्हा ते उजळले नाहीत. देव आहे की नाही, हे एमआरआयला ठाऊक नाही. प्रार्थना करणाऱ्याचा मेंदू मात्र कुणाशी तरी बोलत असतो, भिंतीशी नाही.

म्हणूनच मला बायबलातल्या स्तोत्रसंहितेची रचना विलक्षण वाटते. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे 23 वे स्तोत्र सगळ्यांना पाठ असते, घरोघरी फ्रेममध्ये असते. त्याच्या अगदी आधीचे, 22 वे, सुरू होते ते 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केला?' या ओळीने. येशूने क्रुसावर उच्चारली ती हीच ओळ. त्याग केला म्हणायचे, पण ते 'माझ्या देवा' अशी हाक मारून. सासूबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "हे फादरनी सांगायला हवं होतं, तू भाजी नीट निवड."

या ऑक्टोबरात, नेमक्या कुठल्या दिवशी ते सांगता येणार नाही, खणातून माळ बाहेर आली. लेख लिहायचा म्हणून मी वही-पेन आणि स्टॉपवॉच घेऊन समोर बसले. मराठीतली नमो मारिया, दोघींनी मिळून, पहिल्या दहा मण्यांची सरासरी 11 सेकंद. दुसऱ्या दहांची जवळपास तेवढीच. म्हणजे मिनिटाला साडेपाच श्वास, बेर्नार्दी खूश झाले असते. तिसरे दहा मणी सुरू झाले आणि सासूबाई पूर्वार्ध म्हणून थांबल्या. उत्तरार्धात 'आता आणि आमच्या मरणाच्या घटकेला' असे येते, ते माझ्या वाट्याचे होते, आणि मी आकडा लिहिण्यात गुंतले होते.

"सुनबाई," त्या म्हणाल्या, "मी किती वेळ थांबू?"

वहीत त्या दिवशीची नोंद 23 व्या मण्यापर्यंतच आहे.