आवच्या नवमीचा उपास : ज्यू लोक तिशा बआव का पाळतात

ज्यू धर्मात पूर्ण पंचवीसेक तासांचे, पाण्याचा थेंबही न घेता करायचे उपास दोनच. योम किप्पुर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, दुसरा म्हणजे तिशा बआव, आव महिन्याची नवमी. त्यांचा महिना अमावस्येनंतर सुरू होतो, त्यामुळे ही तिथी साधारण आपल्या आषाढ किंवा श्रावण शुद्ध नवमीच्या आसपासच पडते.

मूळ दुःख जेरुसलेमच्या मंदिराचं. पहिलं मंदिर इ.स.पू. 586 च्या सुमारास बॅबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेने जाळलं. गंमत नाही, पण बायबलमध्येच एके ठिकाणी तारीख 7 आव आहे आणि दुसरीकडे 10, मग तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात त्याचा मेळ असा घातलाय की शत्रू 7 ला आत घुसले, 9 ला दिवस मावळताना आग लावली आणि 10 ला दिवसभर ती जळत होती. त्यातले रब्बी (ज्यू धर्मगुरू) योहानान तर म्हणाले की मी असतो तर उपास 10 लाच ठेवला असता! म्हणूनच अनेक घरांत उपास सुटला तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मटण आणि वाइन घेत नाहीत.

पुढे बॅबिलोनला बंदी करून नेलेले लोक परत आले, मंदिर पुन्हा बांधायला घेतलं, तेव्हा काहींनी विचारलं की इतकी वर्षं पाचव्या महिन्यात, म्हणजे आवमध्ये, रडतोय, आता थांबवायचं का? जखऱ्या संदेष्ट्याने सरळ हो-नाही सांगितलंच नाही. उपास काय देवासाठी केलात, असं उलट विचारलं, आणि न्यायाने वागा, विधवा, अनाथ, परके, गरीब यांना छळू नका म्हणाला. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

इ.स. 70 मध्ये टायटसच्या रोमन सैन्याने दुसरं मंदिरही जाळलं, परंपरेने तेही याच तिथीला. तिथला सात शाखांचा दिवा लुटून नेतानाचं शिल्प रोममधल्या टायटसच्या कमानीवर आजही दिसतं. मग 135 मध्ये रोमनांविरुद्धच्या ज्यू बंडाचा शेवटचा किल्ला बेतार पडला, तेही याच दिवसात जोडलं गेलं. 1290 मध्ये इंग्लंडमधून ज्यूंना हाकलायचा हुकूम निघाला, 1492 मध्ये स्पेन सोडायची मुदत संपली ती याच सुमारास. म्हणजे एकाच तिथीवर दुःखाचे थर चढत गेले.

पाळायची पद्धत घरात कोणी गेल्यावर पाळतात तशीच. चामड्याचे बूट नाहीत, अंघोळ नाही, तेल-अत्तर नाही, एकमेकांना नमस्कार-चमत्कारसुद्धा नाही. संध्याकाळी दिवे मंद करून सगळे जमिनीवर बसतात आणि बायबलमधलं विलापगीत वाचतात. तोराचा, म्हणजे धर्मग्रंथाचा, अभ्यासही बंद, कारण त्याने मनाला आनंद होतो! दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मात्र खुर्चीवर बसता येतं. नवमी शनिवारी आली तर उपास रविवारवर जातो, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी, शोक चालत नाही. 1967 नंतर जेरुसलेमचा जुना भाग इस्रायलकडे आला तेव्हा, शहर उजाड आहे असं म्हणणारी दुपारची प्रार्थना बदलावी का यावरून रब्बींमध्ये वाद झाला, रब्बी श्लोमो गोरेन यांनी शब्द बदलले, बऱ्याच जणांनी जुनेच ठेवले.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांत हाच दिवस बिरड्याचा सण. आधीचे दिवस मांस-मटण बंद, आणि ताटात वालाचं बिरडं. वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, अलिबाग-पेणकडच्या कुठल्याही घरात करतात तसंच. त्यांच्या प्रार्थनास्थळाला ते मशीदच म्हणायचे, मुंबईतली पहिली 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी बांधली. आणि हिब्रू प्रार्थना मराठीत आणायचं मोठं काम 19 व्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी केलं, म्हणून ज्यांना हिब्रू कळत नव्हतं त्यांनाही आपण काय म्हणतोय ते समजायला लागलं.