मेंढीची जुळी : सुंदरबन ते फलटण

डुकरिणीची आचळं मोजली तर १२-१४ भरतात, मेंढीला दोनच. एका वेतात किती पिल्लं होणार याचा बराचसा अंदाज तिथेच येतो. कुरतडणाऱ्या प्राण्यांत सरासरी पिल्लं आचळांच्या निम्मी असतात, हे १९८६ साली आकडे मांडून दाखवलं गेलं. सरासरी निम्मी असल्यामुळे एखाद्या वेताला दुप्पट पिल्लं झाली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक आचळ येतं.

हा विचार आणखी मागे जातो. ऑक्सफर्डचे पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९४७ मध्ये पक्ष्यांच्या अंड्यांवर लिहिलं आणि पुढच्याच वर्षी सस्तन प्राण्यांच्या पिल्लांवर. आईच्या पोटात किती मावतात यापेक्षा किती पिल्लं पोसून जगवता येतात, यावर वेताचा आकडा ठरतो, असं त्यांचं म्हणणं. उंदराची पिल्लं उघडी, डोळे मिटलेली जन्मतात आणि बिळातच वाढतात. त्यातली बहुतेक लवकर मरणारच, तेव्हा पुष्कळ घालणंच परवडतं. मादागास्करच्या टेनरेक या छोट्या सस्तन प्राण्याला तर एका वेळी ३२ पर्यंत पिल्लं होतात. कोकराचं तसं नाही. जन्मल्यावर थोड्याच वेळात त्याला पायावर उभं राहून आईमागे चालावं लागतं. त्यासाठी पाच महिने पोटातच वाढायचं, आणि तिथे जागा एखाद-दुसऱ्यापुरतीच.

दख्खनी मेंढी यात अगदी चपखल बसते. शंभर मेंढ्या व्याल्या तर कोकरं शंभराच्या जेमतेम वर. दिवाळीच्या सुमारास धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात, रोज नवा तळ, रात्री वाघर म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी लावायची, सकाळी उठवायची. चालण्याइतकी मोठी न झालेली कोकरं घोड्याच्या पाठीवर. चारा जेमतेम, दुधाला तेवढाच आधार. अशा वाटेवर जुळी होणाऱ्या मेंढीचं एक कोकरू हमखास दगावलं असतं. म्हणून एकाच कोकराला या मेंढीचा कमकुवतपणा म्हणणं मला मुळीच पटत नाही. माळरानाने आणि पायपिटीने घालून दिलेला तो हिशेब होता.

दुसरा हिशेब बंगालमध्ये जुळला. सुंदरबनातली गॅरोल मेंढी अगदी ठेंगणी, गुडघाभर पाण्यातही चरणारी. तिला जुळी नेहमीचीच, तिळीही होतात. १७९२ आणि १७९३ मध्ये कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजातून सिडनीला गेल्या. तिथे पुढे लोकरीच्या मेरिनोचं राज्य आलं आणि बंगाली मेंढ्यांची वेगळी ओळख पुसली गेली. पण रक्त उरलं. न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळच्या बुरूला या शेतावर सीअर्स बंधूंनी जुळ्या-तिळ्यांतल्या मेंढ्या निवडून राखल्या, आणि १९५८ पासून सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने त्यांच्याकडची जनावरं नेऊन अभ्यास सुरू केला. पुढे १९८० च्या सुमारास लक्षात आलं की हा गुण अनेक जनुकांच्या बेरजेतून आलेला नाही, त्याच्यामागे एकच जनुक आहे. मेंढ्यांच्या आनुवंशिकतेच्या ऑस्ट्रेलियन अभ्यासक हेलन न्यूटन टर्नर यांनी त्याचा माग बंगालकडे जात असावा असं सुचवलं. २००१ मध्ये तीन गटांनी तो बदल नेमका शोधला, आणि लवकरच गॅरोलमध्येही तोच सापडला. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या समुद्रप्रवासाची खूण रक्ताच्या थेंबात अशी उरावी, याचं मला आजही नवल वाटतं.

तो बदल करतो तरी काय? एरवी अंडाशयात अनेक पुटिका, म्हणजे बीज वाढवणाऱ्या बारीक पिशव्या, वाढायला लागतात, पण एक पुढे जाते. ती स्वतःच्या संप्रेरकांनी मेंदूकडून येणारं खतपाणी कमी करते आणि बाकीच्या वाळून जातात. या जनुकाच्या मेंढीत पुटिका लहान असतानाच पक्व होतात. लहान असल्यामुळे एकीचा दाब बाकीच्यांवर पडत नाही, आणि दोन-तीन बीजं एकाच वेळी सुटतात.

फलटणला बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात गॅरोल आणून दख्खनीशी संकर सुरू केला. गॅरोलचा लहान बांधा नको होता, हवं होतं फक्त ते जनुक. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दख्खनीकडे परत वळत, रक्त तपासून जनुक असलेल्याच मेंढ्या राखल्या. त्यातून नारी सुवर्णा तयार झाली. जनुकाची एक प्रत असलेल्या शंभर मेंढ्यांना १४०-१५० च्या आसपास कोकरं होतात. तिळी क्वचितच, आणि हे फार बरं झालं, कारण आचळं दोनच आहेत. ही मेंढी पाळणाऱ्याला गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यांत थोडा खुराक जास्तीचा द्यावा लागतो. व्याल्यावर जुळ्यांतलं बारकं कोकरू बघून, त्याचं तोंड हाताने आचळाला लावून, पहिला चीक त्याच्या पोटात गेला की नाही याची खात्री करावी लागते.