भर उन्हातला फ्लॅश : यांत्रिक एसएलआर कॅमेऱ्यांच्या शटरची पार्श्वभूमी

रोलच्या कॅमेऱ्यांकडे तरुण मंडळी पुन्हा वळली आहेत. जुन्या स्टुडिओंच्या कपाटांत पडून असलेल्या यांत्रिक एसएलआरची (फोटो काढणाऱ्या भिंगातूनच, आरशाच्या मदतीनं दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांची) विचारपूस होऊ लागली आहे. चर्चा मात्र बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन थांबते : शटरचा (फिल्मवर ठरावीक वेळच प्रकाश पडू देणाऱ्या पडद्याचा) सर्वांत जास्त वेग किती, १/१००० सेकंद की १/४०००? मराठवाड्यात लग्नं काढणाऱ्या फोटोग्राफरचं घोडं त्या आकड्यापाशी कधीच अडलं नाही. ते अडलं फ्लॅश सिंकपाशी, म्हणजे फ्लॅश जुळेल अशा शटरच्या सर्वांत जास्त वेगापाशी, आणि शटरचा सगळा इतिहास या एका अडचणीतून जास्त स्पष्ट दिसतो.

ब्रिटिश चित्रकार रॉबर्ट गिल यांनी १८६० च्या दशकात अजिंठ्याचे फोटो काढले, तेव्हा शटरची गरजच नव्हती. फिल्मच्या जागी असलेली रसायन लावलेली काच इतकी मंद असे की भिंगावरचं झाकण हातानं काढायचं, थांबायचं आणि परत लावायचं. पुढे फिल्म वेगवान झाली, सेकंदाचा शंभरावा भाग मोजायची वेळ आली आणि ते काम हाताकडून यंत्राकडे गेलं.

३५ मिमी एसएलआरची वाट ड्रेस्डेनच्या किने एक्झाक्टानं १९३६ मध्ये घातली. १९४९ च्या कॉन्टॅक्स एसमध्ये दृश्य सुलटं दाखवणारं पेंटाप्रिझम आलं, १९५४ च्या असाहीफ्लेक्स टू-बीमध्ये क्लिक होताच खाली परतणारा आरसा आला. या सगळ्यांत शटर एकाच घराण्याचं : रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे, फिल्मच्या अगदी पुढ्यात, आडवे धावणारे. पहिला पडदा सरकून फिल्म उघडी करतो, दुसरा मागून येऊन झाकतो. वेग वाढवला म्हणून पडदे जास्त जोरात धावत नाहीत. दुसरा लवकर सुटतो, एवढंच. त्यामुळे १/१००० ला संपूर्ण चौकट एका वेळी उघडी नसतेच, जेमतेम दोनेक मिलिमीटरची फट ३६ मिलिमीटरचं अंतर कापत जाते.

फ्लॅश मात्र क्षणात लखलखून विझतो. तो उडाला तेव्हा चौकट पूर्ण उघडी नसेल तर फोटोत नुसती एक पट्टी उजळते. आडव्या पडद्यांना ही पूर्ण उघडी चौकट बहुतेक वेळा १/६० च्या आसपासच जमे. १९५९ च्या निकॉन एफनं कापड काढून टायटॅनियमचा पातळ पत्रा घातला. दमदार कॅमेरा, पण पडदे आडवेच, सिंकही १/६० च. १९७३ चा ऑलिंपस ओएम-१ आणि १९७६ ते १९९७ पर्यंत निघालेला पेंटॅक्स के १००० यांचंही तेच. रशियन झेनिट-ई तर १/३० वर.

आता वैशाखातली भर दुपार डोळ्यांपुढे आणा. परण्या मारुतीच्या देवळाकडे निघालाय, ऊन डोक्यावर, आणि फेट्याची, बाशिंगाची सावली नवरदेवाच्या थेट डोळ्यांवर. फ्लॅश मारला नाही तर चेहरा काळा पडणार. शंभर एएसएच्या (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) रोलला अशा उन्हात १/१२५ ला भिंगाचं छिद्र एफ/१६ लागतं; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान. सिंक १/६० म्हटलं की एफ/२२ वर जावं लागतं, आणि ३२ गाइड नंबरची फ्लॅशगन (या नंबराला एफच्या आकड्यानं भागलं की मीटरमधला पल्ला मिळतो) तिथे दीड मीटरच्या आतच पोचते. ५० मिमी लेन्समध्ये एवढ्या अंतरावरून एकटा नवरदेव मावतो. सिंक १/१२५ असेल तर दोन मीटर : नवरा-नवरी आले. १/२५० ला एफ/११ आणि जवळपास तीन मीटर, म्हणजे आईवडीलही चौकटीत. झेनिटच्या १/३० ला एफ/३२ हवं आणि तिची हेलिओस लेन्स एफ/१६ च्या पुढे बंदच होत नाही. त्या फोटोत आकाश पांढरंफटक होणार.

म्हणूनच यशिका मॅट १२४ जीसारखा दोन भिंगांचा कॅमेरा लग्नात इतका उपयोगाचा होता. त्याचं शटर भिंगातच, मधोमध उघडणारं, त्यामुळे फ्लॅश १/५०० लाही जुळतो. हिशेब करा : एफ/८, चार मीटर. त्या काळच्या कुठल्याही यांत्रिक ३५ मिमी एसएलआरला पडद्याच्या शटरवर हे जमलं नाही. अडचण दुसरीकडे होती. नेहमीच्या १२० च्या रोलवर बाराच फोटो, लेन्स बदलता येत नाही आणि काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं. अक्षता पडत असताना रोल बदलायची वेळ आली की काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

एसएलआरमध्ये सुटका झाली ती पडद्यांची दिशा बदलल्यावर. धातूची पाती वरून खाली धावली तर ३६ ऐवजी २४ मिलिमीटरच कापायचे. १९६० च्या कोनिका एफनं हा मार्ग दाखवला, मग कोपल स्क्वेअर शटर आलं, १९६५ च्या निकोरमॅटमधून ते पक्कं रुजलं. सिंक १/१२५. १९७९ च्या यशिका एफएक्स-३ नं तीच सोय हलक्या, साध्या कॅमेऱ्यात दिली. माझ्या मते आपल्याकडच्या कामाला याहून योग्य यांत्रिक एसएलआर क्वचितच असेल. १९८२ च्या निकॉन एफएम२ नं मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी कोरलेली टायटॅनियमची पाती वापरून १/४००० आणि सिंक १/२०० गाठला. १९८४ पासून सिंक १/२५०. लोकांनी १/४००० चं कौतुक केलं. मोठी झेप होती ती १/२५० ची.

आज यातला एखादा घेताना मागचं झाकण उघडून, लेन्स काढून, पांढऱ्या भिंतीकडे धरून १/१००० वर क्लिक करा. एका कडेला अंधार राहिला तर पडद्यांचा वेग जुळत नाही. कापडी पडदा बल्बसमोर धरून बारीक भोकं आहेत का बघा. मग एक सेकंदावर लावून ऐका. आतल्या चाकांचा सलग घरघर आवाज आला पाहिजे. अडखळला तर वंगण सुकलंय, आणि सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करून मागा. सेल नसला तरी चालेल. तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरसाठी आहे.