चलच्चित्र फिल्म कॅमेरा : जुळवणी आणि हाताळणी

चित्रपटाच्या फिल्मवर सेकंदाला ठरावीक संख्येने स्थिरचित्रे टिपणाऱ्या व्यावसायिक कॅमेऱ्याची तपासणी, त्यात फिल्म भरणे, भिंगे व शटर जुळवणे आणि चित्रीकरणाच्या वेळी तो चालवणे, असे हे एकमेकांत गुंतलेले काम आहे. फिल्मवर उमटलेले चित्र प्रयोगशाळेत धुतले जाईपर्यंत कोणालाही दिसत नाही. कॅमेरा विभागाची जवळजवळ सगळी शिस्त या एका अडचणीतून घडली आहे. जे काही बिघडू शकते, ते ‘ॲक्शन’ म्हणण्याआधीच शोधून काढावे लागते.

फिल्मची चाल. ३५ मिमी फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रे असतात आणि रूढ पद्धतीत एका चौकटीला, म्हणजे एका स्थिरचित्राला, चार छिद्रांची उंची लागते. एका फुटात १६ चौकटी बसतात. सेकंदाला २४ चौकटी या प्रमाण वेगाने मिनिटाला ९० फूट फिल्म खर्च होते, म्हणून १,००० फुटांचे मॅगझिन (फिल्मची पेटी) सुमारे ११ मिनिटे आणि ४०० फुटांचे जेमतेम साडेचार मिनिटे चालते. मॅगझिनमधून फिल्म एकसारख्या गतीने येते, पण गेटमध्ये, म्हणजे भिंगामागे जिथे चित्र टिपले जाते त्या खिडकीत, मात्र तिला प्रत्येक चौकटीसाठी पूर्ण थांबावे लागते. शटर (प्रकाश अडवणारी फिरती तबकडी) बंद असताना क्लॉ नावाचा आकडा छिद्रात अडकून फिल्म एक चौकट खाली ओढतो, मग रजिस्ट्रेशन पिन छिद्रात शिरून तिला जागच्या जागी धरून ठेवते आणि तेव्हाच शटर उघडते. बेल अँड हॉवेल कंपनीच्या १९१२ सालच्या २७०९ या धातूच्या कॅमेऱ्यात या पिना अचल होत्या आणि फिल्मच उचलून त्यांच्यावर बसवली जाई. स्थिर चित्राच्या बाबतीत त्या कॅमेऱ्याचा दबदबा पुढे कित्येक दशके टिकला.

सलग चाल आणि थांबत-थांबत होणारी चाल यांच्यामध्ये फिल्मची सैल कमान सोडलेली असते. तिला लूप म्हणतात. लूप लहान पडला तर छिद्रे फाटतात, मोठा झाला तर फिल्म आतल्या भिंतीला घासून ओरखडे पडतात. दोन्ही बाबतीत कॅमेऱ्याचा आवाज बदलतो. फिल्म भरून झाल्यावर मोटर लगेच सुरू करत नाहीत. आधी हाताने चाक फिरवून क्लॉ आणि पिन छिद्रांत नीट शिरतात का ते पाहतात, मग काही फूट फिल्म चालवून कान देऊन ऐकतात. मुरलेल्या साहाय्यकाला लूप सुटल्याचे डोळ्यांआधी कानाला कळते.

शटर. फिरत्या तबकडीचा जो भाग कापलेला असतो, तो अंशांत मोजतात. १८० अंशांचे शटर २४ चौकटींच्या वेगाला प्रत्येक चौकटीस १/४८ सेकंद प्रकाश देते. कोन कमी केला की प्रकाश घटतो आणि हालचालीतला धूसरपणाही कमी होतो. ४५ अंशांवर दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे) आणि धावणारा माणूस तुटक, करकरीत दिसतो. वेग ४८ चौकटींवर नेला तर पडद्यावर गती निम्मी होते आणि एक स्टॉप प्रकाश कमी पडतो. तेवढे ॲपर्चर, म्हणजे भिंगातले प्रकाशाचे छिद्र, उघडावे लागते. लुकलुकणाऱ्या दिव्यांखाली शटरचा कोन विजेच्या वारंवारतेशी जुळवावा लागतो. ५० हर्ट्‌झच्या विजेवर २४ चौकटींना १७२.८ अंश ठेवले की प्रकाशाचा काळ नेमका १/५० सेकंद होतो, ६० हर्ट्‌झवर त्यासाठी १४४ अंश लागतात. ही आकडेमोड चुकली तर चित्रात प्रकाशाची धडधड उमटते आणि ती कळते ती रशेस, म्हणजे धुऊन आलेले चित्रीकरण, पाहताना.

दर्शिका, म्हणजे चौकट पाहण्याची खिडकी. जुन्या मिचेल कॅमेऱ्यांत भिंगातून पाहण्यासाठी कॅमेऱ्याचा मुख्य भाग बाजूला सरकवावा लागे आणि शॉट सुरू करण्याआधी तो परत जागेवर आणावा लागे. प्रत्यक्ष चित्रीकरण बाजूच्या वेगळ्या दर्शिकेतून पाहत होई, त्यामुळे जवळच्या वस्तूंची चौकट चुकण्याचा धोका असे. म्युनिकच्या आर्नोल्ड आणि रिक्टर यांच्या कंपनीने १९३७ साली आणलेल्या आरिफ्लेक्स ३५ मध्ये शटरच्या पात्यालाच आरसा केला. पाते गेटसमोर आले की भिंगातला प्रकाश दर्शिकेकडे वळतो, पाते दूर झाले की फिल्मकडे जातो.

या रचनेचा एक परिणाम नवख्यांच्या लवकर लक्षात येत नाही. कॅमेरा चालवणाऱ्याला दिसतात ते नेमके फिल्मला न दिसलेले क्षण. छायाचित्रकाराच्या फ्लॅशचा किंवा बंदुकीच्या बारचा क्षणिक लखलखाट दर्शिकेत स्वच्छ दिसला, तर तो फिल्मवर बहुधा आलेला नाही असे समजावे आणि दुसरा टेक मागावा. दर्शिका ही दुतर्फा वाट आहे, हेही विसरून चालत नाही. डोळा नेत्रिकेवरून हटला की मागून शिरलेला प्रकाश फिल्मपर्यंत पोहोचून ती धुरकट करू शकतो. म्हणून डोळा घट्ट टेकवतात, नाहीतर नेत्रिकेची झडप बंद करतात.

फोकस आणि भिंगाची बैठक. भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर हे कॅमेऱ्यातले सर्वांत नाजूक माप. पीएल माउंट या प्रकारच्या बैठकीसाठी ते ५२ मिमी असते आणि त्यातली चूक मिलिमीटरच्या शतांशांत मोजतात. इतकी काटेकोरी कशाला, ते एका उदाहरणावरून कळते. १८ मिमी भिंगाचा फोकस अनंतावरून चार मीटरवर आणायला ते फिल्मपासून सुमारे ०.०८ मिमीच पुढे सरकवावे लागते; १०० मिमी भिंगाला त्यासाठी सुमारे अडीच मिमी सरकावे लागते. बैठकीत ०.०२ मिमीचा फरक पडला तर १०० मिमीसारख्या लांब भिंगावर लिहिलेल्या अंतराच्या आकड्यांवर त्याचा मागमूसही दिसत नाही. १८ मिमीसारख्या रुंद भिंगाचे आकडे मात्र मीटरभर खोटे ठरतात. दर्शिकेतली घासलेली काच, जिच्यावर चित्र उमटते, आणि फिल्म ही दोन्ही भिंगापासून तंतोतंत सारख्या अंतरावर हवीत. नाहीतर पाहणाऱ्याला धारदार दिसलेले चित्र फिल्मवर मऊ येते. ही मापे डेप्थ गेज (खोली मोजणारे साधन) आणि कॉलिमेटर (फोकस तपासणारे प्रकाशीय उपकरण) यांनी तपासतात.

फोकस सांभाळणारा साहाय्यक, म्हणजे फोकस पुलर, दर्शिकेवर विसंबून राहत नाही, त्याचे हेही एक कारण. कॅमेऱ्याच्या अंगावर वर्तुळ आणि त्यातून जाणारी रेघ अशी खूण असते. ती फिल्मचे प्रतल दाखवते. फीत तिथूनच नटाच्या डोळ्यापर्यंत ताणतात, भिंगाच्या काचेपासून नाही. तालमीत जमिनीवर खुणा करून अंतरे लिहून घेतली जातात आणि शॉट चालू असताना नट खुणेच्या पुढे थांबला की मागे, हे पाहून हात तेवढा वळतो. माझ्या मते सेटवरचे हे सर्वांत अवघड कौशल्य आहे.

प्रकाशाची जुळवणी भिंगावरच्या टी-स्टॉप या मापावर करतात, कारण त्यात भिंगाच्या काचांनी गिळलेला प्रकाशही धरलेला असतो. टंगस्टन फिल्म ३,२०० केल्विनच्या दिव्यांसाठी बनवलेली असते. ती दिवसा वापरायची तर ८५ क्रमांकाचा नारिंगी फिल्टर लागतो. तो दोन तृतीयांश स्टॉप प्रकाश खातो, त्यामुळे ५०० संवेदनशीलतेची फिल्म ३२० धरून मोजावी लागते.

चाचण्या. चित्रीकरणाआधी भाड्याने देणाऱ्याच्या जागेवरच कॅमेरा कसून तपासतात. ओरखड्यांसाठी प्रत्येक मॅगझिनमधून थोडी फिल्म चालवून तिरप्या उजेडात पाहतात. स्थैर्यासाठी रेघांच्या जाळीचा तक्ता चित्रित करून फिल्म त्याच चौकटीपर्यंत मागे घेतात, कॅमेरा किंचित सरकवतात आणि तोच तक्ता पुन्हा टिपतात. धुतल्यावर रेघांच्या दोन संचांमधले अंतर हलताना दिसले, तर रजिस्ट्रेशन ढिले आहे. ही चाचणी यंत्राची खोटी बढाई चालू देत नाही, आणि वेळ नाही म्हणून ती टाळणे हा निष्काळजीपणा आहे.

शॉटच्या वेळी. चालवणाऱ्याची नजर चेहऱ्याइतकीच कडांवर असते. घासलेल्या काचेवर चौकटीबाहेरचाही थोडा भाग दिसतो, त्यामुळे खाली उतरणारा माइक आत येण्याआधीच कळतो. पॅनचा, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवण्याचा, वेग जास्त झाला की उभ्या रेषा थडथडत जातात. एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जायला सुमारे सात सेकंद घ्यावीत, हा २४ चौकटी आणि १८० अंशांसाठीचा जुना अंदाज अजूनही कामाचा आहे.

चांगला टेक झाल्यावर गेट तपासतात. तिथे सापडणारा ‘केस’ बहुधा फिल्मच्याच कडेचा सुटलेला बारीक तंतू असतो. गेटमध्ये चित्र उलटे पडते, म्हणून खालच्या कडेचा तंतू पडद्यावर वरून लोंबताना दिसतो. तो लाकडी काडीने काढतात. धातूचे टोक गेटला कधीही लावत नाहीत, कारण तिथला एक चरा पुढच्या प्रत्येक फुटावर उमटेल. तंतू सापडला तर टेक पुन्हा घेतात.

शीतपेटीतला फिल्मचा डबा लगेच उघडत नाहीत. तो काही तास बाहेर ठेवतात, नाहीतर फिल्मवर दव धरते. कोरड्या थंडीत फिल्म जोरात ओढली गेली तर स्थिर विजेच्या ठिणग्या तिच्यावर झाडाच्या फांद्यांसारख्या उमटतात. मॅगझिन भरणे-रिकामे करणे अंधाऱ्या खोलीत किंवा दुहेरी चेनच्या काळ्या पिशवीत, केवळ स्पर्शाने चालते. टिपलेली फिल्म काळ्या पिशवीत, मग डब्यात घालतात आणि डब्याची कड चिकटपट्टीने बंद करतात. वर फिल्मचा प्रकार, रोलचा क्रमांक, फूट आणि प्रयोगशाळेसाठीच्या सूचना लिहितात. उरलेला न वापरलेला तुकडा वेगळ्या डब्यात, त्यावर किती फूट शिल्लक आहे ते लिहून, ठेवला जातो.