अंड्याने पडलेला फरक: शॉर्टब्रेड आणि शुगर कुकी

डिसेंबर लागला की पणजी-मडगावच्या बेकऱ्यांत दोन फिकट बिस्किटं शेजारीशेजारी मांडलेली दिसतात. एक जाडसर, लांबट, वर काट्याने टोचल्याची भोकं असलेलं. दुसरं पातळ, तारा नाहीतर झाडाच्या आकाराचं, वर आयसिंग. नाताळच्या गर्दीत दोन्ही 'कुकीज' म्हणूनच खपतात. फरक काय, असं कुणी विचारलं तर लोणी कमी-जास्त, साखर कमी-जास्त असं मोघम उत्तर मिळतं. खरी फारकत अंड्यापाशी आणि फुगवणाऱ्या क्षारापाशी (सोडा, बेकिंग पावडर) होते. शॉर्टब्रेडला दोन्ही चालत नाहीत, शुगर कुकीत बहुधा दोन्ही असतात.

शॉर्टब्रेड स्कॉटलंडचं. तिथे उरलेल्या पावाच्या पिठाला साखर लावून ते मंद भट्टीत पुन्हा वाळवायचे, म्हणजे आपल्या टोस्टचाच प्रकार. पुढे त्यातलं यीस्ट गेलं आणि त्या जागी लोणी आलं. राणी मेरीला (१५४२–१५८७) पाकळ्यांसारखे कापलेले, ओव्याच्या जातीचं बी घातलेले तुकडे आवडायचे असं सांगतात. राणीचं नाव चिकटलं की पदार्थाचा भाव वाढतो, त्यामुळे ही गोष्ट बेतानेच घ्यावी. छापील कृती मात्र १७३६ सालची, ग्लासगोची. त्या शहरात १६६७ पासून साखर शुद्ध करण्याचे कारखाने होते आणि कच्ची साखर कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या मळ्यांतून येत होती. पांढरं पीठ, लोणी आणि साखर या तिन्ही वस्तू साध्या घराला महाग. म्हणून शॉर्टब्रेड नाताळचं, नववर्षाचं, लग्नाचं झालं. शेटलंड बेटांवर तर नवी नवरी उंबऱ्यावर आली की तिच्या डोक्यावर ते मोडायची रीत होती. १८९८ मध्ये जोसेफ वॉकर यांनी बेकरी काढली. विमानतळांवर दिसणारे लाल चौकड्यांचे डबे तिचेच.

शॉर्टब्रेडचं प्रमाण ठरलेलं: वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग साखर. तीनशे ग्रॅम मैद्याला दोनशे लोणी म्हणजे हात आखडून चालत नाही. एवढं लोणी पिठाच्या कणाकणाला चोळलं की पाणी पिठापर्यंत पोचत नाही, चिवटपणा येत नाही आणि बिस्किट दाताखाली भुगा होतं. जास्त मळलं तर सगळं बिघडतं. काहीजण थोडं तांदळाचं पीठ घालतात, त्याने रवाळपणा येतो. भाजणं दीडशे-एकशेसाठ अंशांवर, सावकाश, रंग चढू न देता.

शुगर कुकीचा धागा अमेरिकेतला. पेनसिल्व्हेनियात १७४० च्या सुमारास मोरेव्हियन पंथाचे जर्मन प्रोटेस्टंट येऊन वसले. त्यांच्या नाझरेथ गावात अठराव्या शतकाच्या मध्याला जी गोल, साखरेची, लोण्याची कुकी होत असे, तिला आजच्या शुगर कुकीची पूर्वज मानतात. नाताळला पिठातून आकार कापायची हौस जर्मन घरांचीच, आणि पुढे पत्र्याचे साचे स्वस्त झाल्यावर ती घरोघर गेली. त्याच मुलखात लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार पीठ फुगवायला वापरू लागले. अमेरिकन बाईने लिहून तिथेच छापलेल्या पहिल्या पाकपुस्तकात (१७९६) कुकीला तो क्षार आहे. बेकिंग पावडर त्यानंतर पन्नासेक वर्षांनी आली. अंड्यामुळे पीठ लाटता येतं, ताऱ्याची टोकं मोडत नाहीत. पावडर किंचितच घालतात, नाहीतर झाडाचा फुगा होतो. भट्टी जास्त तापलेली, साधारण एकशेऐंशी, आणि दहा मिनिटांत काम संपतं.

आपल्याकडे शॉर्टब्रेडचं सख्खं भावंड नानकटाई. तिची प्रचलित कथा सुरतेची: डच लोकांची बेकरी एका पारशी माणसाकडे आली, पण पावात ताडी आणि अंडी, म्हणून स्थानिक गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा दोन्ही काढून मैदा, साखर, तूप एवढंच ठेवलं. गोव्यात हा संशय सहज कळतो. इथला पोदेर, म्हणजे पाववाला, माडाच्या सुरेने (ताडीने) पाव फुगवायचा, आणि विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा आमच्या आज्ज्या सांगत. आता बऱ्याच नानकटाईत सोडा असतो, त्यामुळे तिचा भुगा शॉर्टब्रेडपेक्षा हलका. शिवाय तुपात पाणी नाही, लोण्यात सोळा टक्क्यांच्या आसपास असतं. पोत तिथेही बदलतो. 'एगलेस शुगर कुकी' म्हणून जे विकतात, ते चवीला मला तरी नानकटाईच्याच जवळचं वाटतं.

गोव्याची स्वतःची बोलिन्हा मात्र या दोन्ही घरांत मावत नाही. अंड्याचा बलक, नारळ, रवा, साखर, लोणी: बलकाचं वेड पोर्तुगीज मठांच्या मिठायांचं, नारळ इथला. तिचं पीठ रात्रभर झाकून ठेवतात, म्हणजे रवा ओलावा पितो. शॉर्टब्रेडचं पीठही भाजण्याआधी अर्धा तास ठेवावं लागतं, पण कारण उलटं, लोणी पुन्हा घट्ट व्हावं म्हणून. स्कॉटलंडात ते ओट्यावरच होतं. इथे मे महिन्यात लोणी चोळता चोळताच पाघळतं, तेव्हा पीठ आणि परातही आधी फ्रिजमध्ये ठेवावी.