सर्व्हरचा गाळ आणि रविवारचा रीस्टार्ट

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) मी काही वर्षं सर्व्हर सांभाळले. तिथं दर रविवारी रात्री, शेवटची शिफ्ट सुटली की अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, म्हणजे कारखान्याचं सॉफ्टवेअर चालवणारी यंत्रणा, बंद करून पुन्हा चालू करायचा रिवाज होता. का, ते कुणालाच सांगता यायचं नाही. आधीच्या माणसानं वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून आम्ही करायचो. एखादा रविवार चुकला की गुरुवारपर्यंत माल पाठवायचं चलन निघायला दोन-दोन मिनिटं लागायची आणि डिस्पॅचवरून फोन यायचा, "सायेब, परत अडकलं बघा. बंद करून चालू करू काय?"

या दुखण्याला मेमरी लीक, म्हणजे मेमरीची गळती म्हणतात आणि ते जुनं आहे. सी भाषेत प्रोग्रामनं लागेल तेवढी मेमरी मागून घ्यायची आणि काम झालं की स्वतः परत करायची. परत करायचं राहिलं, तर प्रोग्राम चालू असेपर्यंत ती जागा अडकून पडते. एका वेळचं नुकसान किरकोळ असतं, पण ते साठत जातं. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेत १९९२ साली हेच झालं. रुग्णवाहिका पाठवण्याच्या प्रत्येक नोंदीमागे फाइल सर्व्हरची थोडीशी मेमरी अडकत होती. तीन आठवड्यांत ती संपली आणि ४ नोव्हेंबरच्या पहाटे सिस्टिम बंद पडली.

यावरचा उपाय खरं तर त्याच्या कितीतरी आधी सापडला होता. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी गार्बेज कलेक्शनची कल्पना मांडली, तो निबंध १९६० चा. जिथपर्यंत प्रोग्रामला पोहोचता येत नाही ती मेमरी यंत्रणेनं आपणहून मोकळी करायची, अशी ती कल्पना. १९९५ मध्ये जावा ही प्रोग्रामिंग भाषा आली आणि ही सोय धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घरोघरी पोहोचली. पुढच्या चार-पाच वर्षांत वेबलॉजिक, वेबस्फिअर यांसारखे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर बँकांपासून कारखान्यांपर्यंत बसले. लीकचा प्रश्न मिटला, असं बऱ्याच जणांना मनापासून वाटलं.

तो मिटला नाही, त्यानं रूप बदललं. गार्बेज कलेक्टर एवढंच बघतो, की या वस्तूला कुणी धरून ठेवलंय का. ती वस्तू आता लागणार आहे का, हे त्याला कळायचा मार्ग नाही. कुठल्या तरी कॅशमध्ये (पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवलेल्या साठ्यात), वापरणाऱ्याच्या न संपलेल्या सेशनमध्ये किंवा थ्रेडला, म्हणजे प्रोग्राममधल्या कामाच्या धाग्याला चिकटून एखादी वस्तू राहिली, की ती कायमची राहिली. म्हणून मला ‘गळती’ हा शब्दच पटत नाही. इथं बाहेर काहीच जात नाही, उलट आत साचत जातं. रंकाळा तलावाच्या तळाशी बसतो तसा हा गाळ.

गाळ ओळखायचा तर तळ बघायला हवा, आणि ही साधी गोष्ट रुजायला वेळ लागला. जावाच्या मेमरीचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो: वापर चढतो, साफसफाई होते, झपकन उतरतो. पावसाळ्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं, हे आपण सगळेच बघतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. सर्व्हरच्या बाबतीत मात्र पाणी किती चढलं यापेक्षा ते उतरून कुठं थांबलं, हे बघायचं. पूर्ण साफसफाईनंतरचा तळ सोमवारी ४०० एमबी, बुधवारी ७०० आणि शुक्रवारी १,१०० असेल, तर निदान जवळपास झालंच. २००४ च्या जावा ५ मध्ये जेकन्सोल हे साधन आलं आणि हा आलेख फुकटात समोर दिसू लागला. त्याआधी लॉगच्या ओळी वाचत बसायचं, नाहीतर महागडं देखरेखीचं सॉफ्टवेअर घ्यायचं.

पण गाळ आहे हे कळलं, तरी तो कुणाचा हे पातळीवरून कळत नाही. त्यासाठी हीप डंप, म्हणजे त्या क्षणीच्या सगळ्या मेमरीची प्रत. जावा ६ बरोबर आलेलं जेहॅट हे डंप वाचायचं साधन मोठ्या डंपपुढे मान टाकायचं. खरी सुटका २००८ मध्ये झाली, सॅप कंपनीनं आपलं मेमरी अ‍ॅनालायझर एक्लिप्स या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला दिलं तेव्हा. ‘ही एक वस्तू काढली तर तिच्यामागून किती मेमरी सुटेल?’ या प्रश्नाचं उत्तर ते देतं. त्यासाठी लागणारं डॉमिनेटर ट्रीचं (कुठली वस्तू कुणामुळं टिकून आहे ते दाखवणाऱ्या झाडाचं) गणित कंपायलरवाल्यांकडून, म्हणजे प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून आलेलं. लेंगाउअर आणि टार्जन यांची रीत १९७९ ची. आमच्या फाउंड्रीचा डंप त्यात उघडला, तर अर्ध्याहून जास्त मेमरी एकट्या मॅपनं, म्हणजे खूण आणि वस्तू अशा जोड्यांच्या एका यादीनं धरली होती. टेस्ट सर्टिफिकेटच्या पीडीएफ हीट नंबरनुसार (वितळवलेल्या धातूच्या प्रत्येक घाण्याचा क्रमांक) कॅशमध्ये ठेवलेल्या. हीट नंबर पुन्हा येत नाही, जुनं सर्टिफिकेट क्वचितच कुणी मागतं, आणि काढून टाकायची ओळ कुणी लिहिलीच नव्हती. रविवारच्या रिवाजाचं मूळ ते.

देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरलाही हे दुखणं सुटत नाही. २२ ऑक्टोबर २०१२ ला अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचा अमेरिकेतला एक भाग कोलमडला. लीक सापडली ती स्टोरेज सर्व्हरची माहिती गोळा करणाऱ्या एजंट नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये.

आता कंटेनरचे, म्हणजे प्रोग्राम मेमरीची मर्यादा ठरवलेल्या बंदिस्त डब्यात चालवायचे दिवस आहेत. कंटेनरनं ठरलेली मर्यादा ओलांडली, की लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आतल्या प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) तिथंच मारते आणि कुबरनेटिस हे कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर ती पुन्हा उभी करतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी भरलं की उघडतात, तसंच काहीसं. मात्र असं मारल्यावर जावाला डंप लिहायला उसंतच मिळत नाही, म्हणजे पुरावाही जातो. अलीकडे गोकुळ शिरगावातल्या एका कारखान्याची सिस्टिम बघायला गेलो होतो. तक्रार काहीच नव्हती, नुसती वार्षिक तपासणी. पॉडच्या (कुबरनेटिस चालवतं त्या कंटेनरच्या गटांच्या) यादीत रीस्टार्टच्या रकान्यात १४६ होते.