वाईट बातमी कशी सांगावी: डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०१९ मध्ये एमबीबीएसच्या नव्या तुकडीला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर भर देणारा, लागू झाला. वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद हे विषय पहिल्या वर्षापासून बंधनकारक झाले. त्याआधी गंभीर निदान किंवा मृत्यू नातेवाइकांना कसा सांगावा, याला अभ्यासक्रमात ठोस जागा नव्हती. सीनियर कसा बोलतो ते पाहायचे, आणि तो ऑपरेशनमध्ये अडकला असेल तर मध्यरात्री आपणच वॉर्डाबाहेर जायचे, अशी रीत होती.

तेव्हा हातात बहुधा हाय रिस्क कन्सेंटचा कागद असायचा. ‘पेशंट सिरियस असून जिवाला धोका आहे, हे आम्हाला समजेल अशा भाषेत सांगितले आहे’, अशा आशयाचा मजकूर आणि खाली सहीची जागा. सही झाली की सांगून झाले, ही समजूत अनेक ठिकाणी रुळली. कोर्टात तो कागद उपयोगी पडतो. पण आईला नेमके काय झाले आहे हे सही करणाऱ्या मुलाला कळले का, ते त्यावरून समजत नाही.

शिकवण्याचा साचा आला तो अमेरिकेतून. तिथे १९६१ च्या एका पाहणीत जवळपास ९० टक्के डॉक्टर कर्करोगाचे निदान रुग्णाला सांगत नसत; १९७९ मध्ये ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. पुढे २०००मध्ये कर्करोगतज्ज्ञांसाठी सहा पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध झाली. निवांत जागा बघा, समोरच्याला काय ठाऊक आहे ते आधी विचारा, किती ऐकायचे आहे ते त्यालाच ठरवू द्या, मग सांगा, असा तिचा सुरुवातीचा क्रम आहे. तिने समोर मुख्यतः रुग्णच गृहीत धरला आहे.

आधी रुग्णाला सांगायचे की नातेवाइकांना, आपल्याकडचा खरा वाद इथेच आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार आजाराचे गांभीर्य वाढवून सांगू नये, कमीही करू नये. रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना हिताची ठरेल एवढी माहिती असल्याची डॉक्टरने खात्री करावी. आधी कुणाला सांगायचे, हे मात्र ती सांगत नाही. ‘बाबांना सांगू नका’ असे मुलगा म्हणाला, की बहुतेक डॉक्टर ते मान्य करतात. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये, सज्ञान आणि सक्षम रुग्णाऐवजी आईने दिलेली शस्त्रक्रियेची संमती अमान्य केली. तरी रोजच्या व्यवहारात फारसा फरक पडला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये या आचारसंहितेच्या जागी नवी नियमावली आली आणि त्याच महिन्यात स्थगितही झाली. त्यामुळे २००२ चीच चौकट कायम राहिली. शिकणाऱ्या मुलांवर हा अन्याय आहे: सांगायचे कसे हे शिकवायचे, आणि कुणाला हे त्यांच्यावर सोडायचे.

महाराष्ट्रात या प्रशिक्षणाची चर्चा डॉक्टरांवरच्या हल्ल्यांमुळे वाढली. हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून कायदा असूनही मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. तेव्हापासून संवादाकडे मार टाळण्याचा उपाय म्हणून बघितले जाते. नातेवाइकांना खरे आणि वेळेवर कळणे हा त्यांचा हक्क आहे, ही बाजू त्यात मागे पडली. २०२० च्या साथीत तर वॉर्डात कुणालाच सोडत नव्हते; मृत्यूची बातमी अनेक घरांना फोनवरच कळली, आणि फोन करणारा बऱ्याचदा निवासी डॉक्टरच असे.

२०१९ ची तुकडी इंटर्नशिप संपवून २०२५ च्या सुमारास बाहेर पडली. आज वॉर्डात तिच्या वर असलेले वरिष्ठ जुन्या अभ्यासक्रमातले आहेत.